गोचिडीचा ताप, लंपी आणि लस : जनुकसंचाच्या वाचनाचा उपयोग व मर्यादा

शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांत भाताच्या जोडीस दुधाचा धंदा आतां चांगलाच रुजला आहे. पूर्वीं घाटाच्या पायथ्याचा शेतकरी डांगी बैलांची एक जोडी आणि दोन-तीन गावठी गाई यांवर समाधान मानीत असे. डांगी जनावर धो धो पावसांत भाताच्या खाचरांत उभें राहतें, डोंगरांत चरून येतें आणि गोचिडींनाही सहसा दाद देत नाहीं. संकरित गाईचें तसें नाहीं. ती दूध भरपूर देते. पण तिच्या किंमतीसाठीं बहुधा कर्ज काढलेलें असतें, हप्ता तिच्याच दुधांतून फेडावयाचा असतो, आणि आठ दिवसांच्या तापांत ती दगावली म्हणजे गोठ्याबरोबर घराचा वर्षाचा हिशेबही कोलमडतो.

अशा गाई बाळगणाऱ्या शेतकऱ्यांच्या तोंडीं दोन प्रश्न आम्ही वारंवार ऐकतों. पहिला असा कीं, २०२२ सालच्या लंपी चर्मरोगाच्या साथींत गाईंना शेळ्यांच्या देवीची लस कां टोंचली? शेळीचें औषध गाईस कसें चालावें, या शंकेनें पुष्कळांनीं त्या वेळीं लसीकडे पाठ फिरविली होती. दुसरा प्रश्न असा कीं, लंपी आपल्या देशांत २०१९ सालीं आला आणि तीन वर्षांत त्याची देशी लस तयार झाली. मग गोचिडीचा ताप त्याहून कितीतरी जुना असतां त्यावर गांवच्या दवाखान्यांत सहज मिळेल अशी लस अद्यापि कां नाहीं? दोन्ही प्रश्न वाजवी आहेत, आणि दोहोंचेंही उत्तर रोगजंतूंच्या जनुकसंचाच्या वाचनांत बरेंचसें सांपडतें.

प्रथम या शब्दाची फोड करूं. कोणत्याही जीवाच्या ठायीं, त्याची घडण कशी व्हावी याचें एक दप्तर असतें. तें चार अक्षरांच्या लिपींत लिहिलेलें असून त्यांतील एकेका कलमास जनुक म्हणतात. बहुतेक कलमांत एखादें प्रथिन कसें बनवावें याचा हुकूम असतो. सारीं कलमें मिळून जें पुरें दप्तर होतें त्यास शास्त्रज्ञ जिनोम म्हणतात. आम्ही त्यास जनुकसंच म्हणूं. जनावराचें शरीर रोगजंतूस ओळखतें तें मुख्यतः त्याच्या अंगावरील प्रथिनांवरून, आणि लस म्हणजे त्या प्रथिनांची आगाऊ ओळख होय. पूर्वीं ही ओळख करून देण्यास सबंध जंतूच, मेलेला अथवा दुबळा केलेला, टोंचावा लागे. आतां त्याचें दप्तर वाचून, अंगावर येणारीं प्रथिनें कोणतीं तें कागदावरच हुडकून, तेवढींच तयार करण्याची रीत निघाली आहे. माणसांच्या मेंदूज्वराच्या एका जंतूचा जनुकसंच २००० सालीं प्रसिद्ध झाला व त्यांतून निवडलेल्या प्रथिनांची लस २०१३ सालीं युरोपांत मंजूर झाली. दप्तर हातीं आल्यावरही तेरा वर्षें लागलीं, हें येथेंच ध्यानांत ठेवलेलें बरें.

आतां लंपीकडे वळूं. हा रोग १९२९ सालीं आफ्रिकेंतील आजच्या झांबिया देशांत प्रथम नजरेस आला. चावऱ्या माशा, डांस व गोचिडी यांच्या तोंडाला लागून याचा विषाणु एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो. आपल्याकडे २०१९ च्या ऑगस्टांत तो ओडिशांत दिसला, आणि २०२२ च्या पावसाळ्यांत ठाणे जिल्ह्यासह महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत पसरला. त्या वर्षीं देशांत लाखाहून अधिक गुरें दगावलीं. राज्य सरकारनें गुरांचे बाजार व वाहतूक बंद केली आणि दगावलेल्या दुभत्या गाईस ३०,००० रुपये, बैलास २५,००० व वासरास १६,००० रुपये असें साहाय्य ठरविलें. चांगल्या संकरित गाईच्या बाजारभावापुढें हे आंकडे किती तोकडे आहेत तें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

लंपीच्या विषाणूचा जनुकसंच २००१ सालीं पुरा वाचला गेला. त्यांत सुमारें १ लाख ५१ हजार अक्षरें व सुमारें १५६ जनुकें आहेत. पुढें मेंढ्यांच्या व शेळ्यांच्या देवीच्या विषाणूंचेंही दप्तर वाचून तिन्ही शेजारीं मांडलीं, तेव्हां शंभरांतील छप्पन्न-सत्तावन्न नव्हे, तर छप्याण्णव-सत्त्याण्णव अक्षरें सारखीं निघालीं. तिघे सख्खे भाऊच म्हणावयाचे. एकाची ओळख शरीरास पटली म्हणजे दुसराही बऱ्याच अंशीं ओळखूं येतो. म्हणून स्वतःची लस हातीं नसतां २०२२ सालीं शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोंचली गेली. ती शेळीची म्हणून अपायकारक, ही समजूत निराधार होती. मात्र भाऊ तो भाऊच, स्वतः तो नव्हे; या लसीनें मिळणारें संरक्षण पुरतें नसतें, आणि टोंचलेल्यांपैकींही कांहीं गाई आजारी पडल्या त्याचें एक कारण हें होय. दुसरें कारण असें कीं लसीचा अंमल बसण्यास सुमारें तीन आठवडे लागतात. गांवांत रोग शिरल्यावर धांवपळीनें टोंचलेल्या गाईस तेवढा अवकाश मिळत नाहीं.

या नात्याची एक गंमतीची कथा आहे. केनियांत एक विषाणु मेंढ्या-शेळ्यांच्या देवीचा म्हणून अनेक वर्षें लसीसाठीं वापरांत होता व तोच गाईंनाही टोंचीत. कांहीं गाईंना त्या लसीनेंच रोग होई, आणि कारण कळेना. अखेर त्याचें दप्तर वाचलें तेव्हां तो मेंढीचा विषाणु नसून लंपीचाच निघाला, आणि तोही गाईपुरता पुरेसा दुबळा न केलेला! बाटलीवरील चिठ्ठी एक व आंतील माल दुसरा, असा प्रकार. नवी लस बनविण्याइतकाच, जुन्या लसींत खरें काय आहे तें पाहण्यास जनुकसंचाचें वाचन उपयोगी पडतें, आणि आमच्या मतें शेतकऱ्याच्या दृष्टीनें हा दुसरा उपयोग कांकणभर अधिकच मोलाचा आहे.

याच प्रकारची दुसरी गोष्ट कमी गंमतीची आहे. २०१७ सालीं रशियांत व्होल्गा नदीच्या कांठीं साराटोव्ह प्रांतांत लंपीचा एक विचित्र विषाणु सांपडला. त्याच्या दप्तरांतील कांहीं पानें लसीच्या विषाणूचीं तर कांहीं रानांतल्या विषाणूचीं होतीं. पुढें अशाच मिश्र विषाणूंनीं चीन, व्हिएतनाम, थायलंड येथील गुरांत थैमान घातलें. शेजारच्या कझाकस्तानांत वापरल्या गेलेल्या एका लसीचे नमुने बेल्जममधील शास्त्रज्ञांनीं अक्षर अक्षर वाचले, तेव्हां एकाच बाटलींत निरनिराळे विषाणु एकत्र आढळले. त्यांच्याच सरमिसळींतून हीं नवीं पिलें निपजलीं, हा निष्कर्ष २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. निष्काळजीपणें केलेली जिवंत लस रोग थांबविण्याऐवजीं नवा रोग पेरूं शकते, याचें याहून स्पष्ट उदाहरण नसेल. यावरून लस घेऊंच नये असें कोणी म्हणेल तर तो उलटा न्याय होईल. परवान्याखेरीज, कोणा फिरत्या विक्रेत्याकडून स्वस्तांत मिळाली म्हणून बाटली घेऊं नये, एवढेंच त्यावरून निघतें.

आपल्याकडील लस कशी झाली तेंही सांगतों. २०१९ सालीं रांचीकडील गुरांपासून मिळालेला लंपीचा विषाणु हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रांत, इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या सहकार्यानें, कांचपात्रांतील पेशींवर एकामागून एक पन्नास वेळां वाढविला. परक्या पेशींवर असा वाढत गेला म्हणजे विषाणु त्यांच्यापुरता सरावतो आणि गाईपुरता दुबळा होतो. ही युक्ति जुनीच आहे. पाश्चरच्या काळापासूनची म्हणा ना. नवें तें एवढें कीं, टप्प्याटप्प्यानें त्याचें दप्तर वाचून त्यांतील कोणता मजकूर गळून गेला तें निश्चित करतां आलें. मजकूर बदलला नसता तर तो पुन्हां उलटण्याची भीति राहती. ही लंपी-प्रोवॅकइंड नांवाची लस १० ऑगस्ट २०२२ रोजीं जाहीर झाली, आणि ती बनविण्याची विद्या त्याच वर्षीं डिसेंबरांत पुणें-औंध येथील पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिति संस्थेस देण्यांत आली. पुढें २०२५ च्या फेब्रुवारींत आणखी एका देशी लसीस केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली. तिचा विशेष असा कीं, गाईच्या अंगांतील ओळख लसीनें आली कीं खऱ्या रोगानें, याचा निवाडा रक्त तपासून करतां यावा अशी खूण तींत ठेवली आहे. पौष पौर्णिमेस म्हसा येथील यात्रेंत बैल खरेदी करणाऱ्यास या खुणेचें महत्त्व समजेल. अशी तपासणी सर्वत्र होऊं लागली तर साथीच्या काळीं सरसकट बाजार बंद करण्याचें कारण पुष्कळ कमी होईल.

आतां गोचिडीचा ताप. या एका नांवाखालीं आपण तीन निरनिराळे रोग घालतों. लघवी तांबडी अथवा कॉफीसारखी होते तो बबेसियाचा; डोळे व हिरड्या पांढऱ्या-पिवळ्या पडून जनावर खंगत जातें तो पुष्कळदां ॲनाप्लाझ्माचा; आणि भर तापांत खांद्यापुढील गांठ लिंबासारखी सुजून वर येते तो थायलेरियाचा. संकरित गाईचा खरा वैरी हा तिसरा.

थायलेरिया हा हिंवतापाच्या जंतूचा दूरचा नातलग. हायलोम्मा जातीच्या गोचिडीच्या लाळेंतून तो गाईच्या अंगांत उतरतो आणि रक्तांतील ज्या पांढऱ्या पेशी शरीराच्या रखवालदार, नेमका त्यांच्यांतच घर करतो. तेथें तो त्या पेशीस असें कांहीं वेड लावतो कीं, ती कर्करोगाच्या पेशीप्रमाणें सारखी दुभंगत सुटते. ती दुभंगली कीं तिच्याबरोबर जंतूचीही वांटणी होते. चोरानें रखवालदारालाच फितवावें आणि मग रखवालदारांची सारी पिढी चोराच्या चाकरींत जन्मास यावी, तशांतला हा प्रकार. नंतर तो तांबड्या पेशींत शिरतो व गाय पांढरी पडूं लागते.

याचें दप्तर २००५ सालीं वाचून झालें. अक्षरें सुमारें ८३ लाख, गुणसूत्रें चार आणि जनुकें सुमारें ३,८००. लंपीच्या दीडशें कलमांपुढें हें केवढें बाड आहे पाहा! दुसऱ्या प्रश्नाचें अर्धें उत्तर या दोन आंकड्यांतच आहे. उरलेलें अर्धें असें. गोचिडीच्या लाळेंतला जंतु, पांढऱ्या पेशींतला जंतु व तांबड्या पेशींतला जंतु हे एकच असले तरी तिन्ही ठिकाणीं तो निराळीं कलमें उघडतो व निराळीं वस्त्रें अंगावर घेतो. एका वेषाची ओळख दुसऱ्या वेषांत उपयोगी पडत नाहीं. शिवाय जीं प्रथिनें शरीराच्या नजरेस ठळक पडतात, नेमक्या त्यांच्याच लेखनांत रानोरानीं फरक सांपडतो. आणि पेशीच्या आंत लपलेल्या जंतूस रक्तांतील प्रतिद्रव्यें गांठूं शकत नाहींत. त्यासाठीं बाधित पेशीच मारणाऱ्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी तयार कराव्या लागतात, आणि सुट्या प्रथिनांच्या लसीनें त्या तयार करणें अवघड जातें. यंत्र दप्तरांतून पन्नास नांवें क्षणांत निवडून देईल. पण त्यांतील एकेक खरें कीं खोटें तें शेवटीं वासरें टोंचून, त्यांस रोग देऊनच पाहावें लागतें. त्यास पैसा व वर्षें दोन्ही लागतात. माणसांच्या हिंवतापाचीही हीच कथा आहे. त्या जंतूचें दप्तर २००२ सालीं वाचलें गेलें; परंतु पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्यें बनणारी व २०२३ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें आफ्रिकेंतील मुलांसारख्यांसाठीं शिफारस केलेली लस ज्या प्रथिनावर उभी आहे, तें दप्तर वाचण्याच्या कितीतरी आधींपासून ठाऊक होतें.

यामुळें थायलेरियावर जनुकसंचांतून निवडलेली लस अद्यापि बाजारांत नाहीं. जी आहे ती जुन्या रीतीची : बाधित पांढऱ्या पेशी कांचपात्रांत दीर्घकाळ वाढवून जंतु दुबळा केलेली जिवंत लस. ती आपल्या देशांत हैदराबादेस तयार करण्यांत आली व तिचा गुण चांगला आहे. अडचण आहे ती वाहतुकीची. पेशी जिवंत राहाव्या म्हणून ती द्रव नत्रांत, शून्याखालीं १९६ अंशांवर, ठेवावी लागते आणि बाहेर काढल्यावर लगेच टोंचावी लागते. डोळखांब किंवा टोकावडे येथील एखाद्या गोठ्यांतील दोन गाईंसाठीं एवढा खटाटोप कोण करणार? परंतु द्रव नत्राचें भांडें आपणांस अगदींच अपरिचित नाहीं. कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यांतच येतात. गांवांतील साऱ्या संकरित गाईंच्या मालकांनीं वासरांची यादी करून एकत्र मागणी पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे दिली, तर लस मिळविण्याचा प्रयत्न तरी करतां येईल. ती मिळेलच असें आश्वासन आम्ही देत नाहीं. न मागतां मात्र ती खचित येणार नाहीं.

थायलेरियावर बुपारव्हाकोन हें औषध वेळीं दिलें तर गाय वांचते. तथापि ट्युनिशिया व इराण येथें या औषधास न जुमानणारे जंतु आढळले आहेत, आणि त्यांच्या एका ठराविक जनुकांत अक्षरांचा बदल दिसला आहे. तेव्हां औषध निकामी होऊं लागल्याची पहिली वर्दीही दप्तर वाचूनच मिळावयाची. अर्धी मात्रा देऊन पैसे वांचवूं पाहणारे यांनीं ही गोष्ट विचारांत घ्यावी.

जंतूऐवजीं गोचिडीवरच लस काढावी, हाही विचार जुना आहे व तो साधलाही आहे. गोचिडीच्या आंतड्याच्या अस्तरांतील एक प्रथिन ऑस्ट्रेलियांतील शास्त्रज्ञांनीं शोधून काढलें आणि त्यावरून क्यूबांत १९९३ सालीं व ऑस्ट्रेलियांत १९९४ सालीं लसी विक्रीस आल्या. टोंचलेल्या गाईचें रक्त प्यालेल्या गोचिडीचें आंतडें बिघडतें व ती अंडीं कमी घालते. आजची गोचीड चावावयाची राहत नाहीं. पुढची पिढी मात्र घटते. परंतु अर्जेंटिनांत ही लस फारशी लागू पडली नाहीं, कारण तिकडील गोचिडीच्या त्या प्रथिनाचें लेखन थोडें निराळें निघालें. ऑस्ट्रेलियांत वारंवार टोंचण्याचा त्रास शेतकऱ्यांस परवडेना व ती तेथें बाजारांतून गेली. आपल्याकडे इज्जतनगर येथें हायलोम्मा गोचिडींतील तशाच प्रथिनावर प्रयोग झाले आहेत. गोचिडीचें दप्तर थायलेरियाच्या दप्तराहून शेंकडों पट लांब आहे, म्हणून येथें निवडीचें काम अधिकच किचकट. पण एक लस तीन रोगांस आळा घालील ही आशा मोठी असल्यानें तें सोडून देण्यासारखेंही नाहीं.

तोंवर गोठा आपल्याच हातीं आहे. हायलोम्मा गोचीड भिंतींच्या भेगांत व दगडांच्या सांध्यांत लपते. म्हणून भेगा लिंपून चुना लावणें हें अंगावर औषध मारण्याइतकेंच महत्त्वाचें. दुसऱ्या जातीची, बबेसिया आणणारी गोचीड जनावराच्या अंगावरच सुमारें तीन आठवडे वाढून मग जमिनीवर पडते व हजारों अंडीं घालते. यास्तव एकदां फवारून स्वस्थ बसल्यानें कार्य होत नाहीं. तीन आठवड्यांच्या आंत दुसरी फवारणी हवी, आणि औषधाचें प्रमाण डॉक्टरांनीं सांगितलें तेंच. लंपीची लस पावसापूर्वीं, निरोगी जनावरांसच टोंचून घ्यावी, आणि प्रत्येक जनावरास नवी सुई लावण्याचा हट्ट धरावा. साथींत एकच सुई दहा गाईंत फिरली तर माशीचें काम ती सुईच करील.

शेवटीं नमुन्याविषयीं. प्रयोगशाळेंत जें दप्तर वाचलें जातें तें कोणाच्या तरी गोठ्यांतल्या रक्ताच्या थेंबांतून आलेलें असतें, आणि आपल्या डोंगरपट्टींतील नमुने पुढें जाणार नाहींत तर आपल्याकडील जंतूचें लेखन लस करणारांस कळणार तरी कोठून? गाईस ताप भरल्याबरोबर कानाच्या शिरेंतील रक्ताचा थेंब कांचेवर पसरून घ्यावा व त्यावर कानांतील बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक लिहावा. लंपीच्या गांठीची खपली स्वच्छ बाटलींत, बर्फांत ठेवून दवाखान्यामार्फत औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठविण्यास सांगावें. औषध टोंचल्यावर घेतलेल्या रक्तांत जंतु पुष्कळदां सांपडत नाहीं. म्हणून नमुना आधीं व सुई मागाहून, हा क्रम राखण्याविषयीं डॉक्टरांस गाईच्या मालकानें स्वतः विनंती करावी.